आधी रॅम, मग सर्टिफिकेट

क्लाउडची परीक्षा द्यायची ठरली की आपल्याकडची बरीच मुलं आधी क्लास शोधतात, नाहीतर कुणाकडून तरी प्रश्नसंचाची पीडीएफ मागवतात. त्या पैशांत पहिल्यांदा एक जुना मिनी पीसी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारं फुकट सॉफ्टवेअर. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे तो आतला आभासी संगणक), ब्रिज (त्याला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा), स्टोरेज पूल (सगळ्यांच्या डिस्कची सामाईक जागा) हे सगळं घरच्या टेबलावर मोडून परत उभं केलेलं असेल, तर एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघतात. नाहीतर सगळंच पाठ करावं लागतं आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

मोठ्या कंपन्यांतून बाहेर पडलेले डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी, लेनोवो थिंकसेंटर टायनी जुन्या बाजारात सहज मिळतात. सहाव्या-सातव्या पिढीचा, चार कोरचा आय-फाइव्ह पुरे. पैसे वाढवायचेच असतील तर रॅमवर वाढवा. १६ जीबीत सुरुवात होते, पण एक विंडोज सर्व्हर आणि तीन लिनक्स मशीन चढवली की दम लागतो. ३२ जीबीत निवांत चालतं. या डब्यांत लॅपटॉपवाली सोडिम पट्टी बसते, डेस्कटॉपची लांब पट्टी नाही. सहाव्या पिढीच्या काही मॉडेलांत डीडीआर४ ऐवजी डीडीआर३एल असतं, म्हणून पट्टी घेण्याआधी झाकण उघडून बघा. डिस्क ५१२ जीबीची एसएसडीच हवी. विजेच्या बिलाची काळजी नको: रिकामं बसलेलं यंत्र १५ वॅट घेतं असं धरलं, तरी दिवसरात्र चालवून महिन्याला ११ युनिटच्या आतच खर्च.

सोलापूरचा उन्हाळा मात्र हिशोबात धरावा लागतो. खोलीतच ४० अंश असेल तर छोट्या पंख्याने प्रोसेसर किती थंड होणार? तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो, आणि आपण उगाच प्रॉक्समॉक्सला नावं ठेवतो. जुनं यंत्र आणलं की पहिल्याच दिवशी हीटसिंक काढून वाळलेली थर्मल पेस्ट पुसा, नवी लावा. पूर्व भागात, यंत्रमागाच्या आसपास राहत असाल तर सुताची कुस पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. दर महिन्याला ब्लोअर मारा. एलएम-सेन्सर्स टाकून तापमान बघत राहा. लोड नसताना ७० च्या वर दिसलं तर हवा अडलेली आहे.

दुसरा प्रश्न वीज जाण्याचा. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तीन गोष्टी करायच्या. इंटेल व्हर्च्युअलायझेशन चालू (एएमडीवर हेच एसव्हीएम नावाने असतं), व्हीटी-डी (आतल्या मशीनला खरं हार्डवेअर थेट देण्याची सोय) चालू, आणि वीज गेल्यानंतरचं वर्तन 'पॉवर ऑन'. म्हणजे तुम्ही कामावर असताना वीज जाऊन आली तरी यंत्र आपोआप उठेल. त्याच वेळी सीएमओएसची सीआर२०३२ बॅटरीही बदलून टाका. ती मेलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग अपडेट होत नाही, वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट अजून वैध नाही अशी त्रुटी येते, आणि माणूस दोन तास नेटवर्क तपासत बसतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण 'यूपीएस' मोडला ठेवा. साध्या मोडमध्ये बदल हळू होतो आणि पीसी बंद पडतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे का ते बघूनच घ्या. पोर्ट असेल तर एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून बॅटरी संपत आली की मशीनं नीट बंद करता येतात.

प्रॉक्समॉक्सचं इन्स्टॉलेशन सोपं आहे, वीस मिनिटांत होतं. आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) पेनड्राइव्हवर टाका, स्थिर आयपी द्या, मग दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून पोर्ट ८००६ वर जा. पहिलं अपडेट ४०१ (परवानगी नाही) अशी त्रुटी देऊन अडतं, कारण मुळात लावलेली एंटरप्राइझ रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) पैसे भरणाऱ्यांची असते. ती बंद करून नो-सबस्क्रिप्शन रिपॉझिटरी जोडा. आणि यंत्राला लॅन केबलच लावा. वायफायवर ब्रिज चालत नाही: ॲक्सेस पॉइंट एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) ओळखतो, त्यामुळे आतल्या मशीनांची डेटाची पाकिटं टाकून देतो. 'व्हीएमला इंटरनेट येत नाही' या तक्रारीमागे फार वेळा हेच असतं.

स्टोरेजबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण डेटा इथेच जातो. एकच घरगुती एसएसडी असेल तर झेडएफएस या फाइलसिस्टीमच्या नादी लागू नका. तो डिस्कवर जास्त लिहितो आणि त्याची कॅश रॅम खाते. नेहमीचा एलव्हीएम-थिन (लिनक्समधली डिस्कची जागा वाटून देण्याची पद्धत) ठेवा. पण थिन म्हणजे उधारीची जागा. ३५० जीबीच्या पूलवर तुम्ही १०० जीबीच्या सहा डिस्क बिनदिक्कत बनवू शकता, कुणी अडवत नाही. पूल खरोखर भरला की सगळ्या मशीनांच्या लिहिण्यात एकाच वेळी चुका येतात आणि फाइलसिस्टीम खराब होतात. त्यातून जुने स्नॅपशॉट (मशीनची त्या त्या क्षणी जतन केलेली स्थिती) पूल भरत राहतात. एलव्हीएस कमांडमधला डेटा टक्क्यांचा रकाना ८० च्या पुढे गेला की आवराआवर करा, आणि प्रत्येक डिस्कवर 'डिस्कार्ड' चालू ठेवा, म्हणजे आत पुसलेली जागा बाहेर परत मिळते.

पुढचा उत्तम अभ्यास म्हणजे क्लस्टर, एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा गट. त्यासाठी तीन यंत्रं लागत नाहीत. सीपीयूचा प्रकार 'होस्ट' ठेवून, नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत मशीन) चालू असल्याची खात्री करून, प्रॉक्समॉक्सच्या आतच तीन प्रॉक्समॉक्स उभे करा. आधी मुद्दाम दोनांचाच क्लस्टर बांधा आणि त्यातला एक बंद करा. उरलेला धडधाकट असूनही नवीन मशीन सुरू करू देणार नाही. दोनांतलं बहुमत म्हणजे दोनच, आणि मत एकच उरलंय. तिसरा जोडा, परत एक पाडा, आता काम चालू राहतं. कोरम, म्हणजे बहुमताची ही अट, यानंतर कुणी समजावून सांगावा लागत नाही. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत ईटीसीडीचे (तिची माहिती साठवणाऱ्या भागाचे) सदस्य विषम संख्येत का ठेवतात तेही इथेच कळतं.

प्रॉक्समॉक्ससारखंच ईएसएक्सआय नावाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचं काय, असं विचारलं जातं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट ईएसएक्सआय बंद केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आणलं. मोठ्या डेटा सेंटरांत ते अजून भरपूर आहे, तेव्हा तोंडओळख हवी. पण फुकटची आवृत्ती व्हीसेंटरला (सगळी यंत्रं एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडता येत नाही, म्हणजे व्हीमोशन (चालू मशीन दुसऱ्या यंत्रावर हलवणं) आणि डीआरएसचा (यंत्रांवरचा भार आपोआप वाटण्याचा) सराव होत नाही. घरी शिकायला प्रॉक्समॉक्सच बरं.

आता क्लाउड. १५ जुलै २०२५ पासून नव्या एडब्ल्यूएस खात्याला सुरुवातीला १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, काही कामं करून दाखवली की आणखी १०० पर्यंत. फ्री प्लॅन सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते. खातं उघडल्यावर रूटला (खात्याच्या मुख्य लॉगिनला) एमएफए (पासवर्डखेरीज दुसरी खात्री) आणि बजेटची सूचना, ही दोन कामं झाल्याशिवाय सर्व्हर सुरू करू नका. बजेट फक्त सांगतं, खर्च थांबवत नाही, आणि तेही काही तास उशिरा सांगतं.

पैसे जातात ते न दिसणाऱ्या गोष्टींत. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरा की नुसता ठेवा: महिन्याला साधारण ३.६ डॉलर. नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरांना इंटरनेटकडे नेणारा दरवाजा) तर उभा असल्याचंच भाडं घेतो, महिन्याला तीस डॉलरच्या वर. सराव झाला की त्याच दिवशी काढा. ईसी२ (सर्व्हर) बंद केलं तरी ईबीएसचं (त्याच्या डिस्कचं) भाडं चालूच. आरडीएस (डेटाबेस) थांबवला तर सात दिवसांनी तो स्वतःहून परत सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडची तऱ्हा वेगळी. तिथं विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मशीन थांबतं, मीटर थांबत नाही. पोर्टलवर 'डिअलोकेटेड' दिसायला हवं. आणि कन्सोलचा रीजन तपासा. मुंबईत काम करतोय असं वाटत असतं आणि तीन मशीनं व्हर्जिनियात पडलेली असतात.

परीक्षेत हमखास अडकवणाऱ्या दोन बाबी. प्रत्येक सबनेटमधले (नेटवर्कच्या तुकड्यातले) पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, म्हणून /२४ मध्ये २५१ आणि /२८ मध्ये ११ च उरतात. दुसरं, सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरची फायरवॉल) आलेल्या विनंतीचं उत्तर आपोआप जाऊ देतो, नेटवर्क एसीएल (सबनेटची फायरवॉल) देत नाही. तिथं जाणाऱ्या बाजूला १०२४ ते ६५५३५ पोर्ट उघडावे लागतात. लिनक्सच्या फायरवॉलशी घरी झटापट केलेल्याला यात नवल वाटणार नाही.

लॅब झालेली असेल तर एडब्ल्यूएसची सुरुवातीची परीक्षा, क्लाउड प्रॅक्टिशनर, वगळून थेट सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट द्या. पहिलीची फी १०० डॉलर, दुसरीची १५०, कर वेगळा. एक परीक्षा पास झाल्यावर पुढचीवर ५० टक्के सूट मिळते. तरी दोन्ही मिळून १७५ होतात, आणि नोकरी देणारा बघतो ती दुसरीच. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२०. नापास झालात तर १४ दिवस थांबा आणि पूर्ण फी परत भरा. इंग्रजी ही आपली मातृभाषा नाही, त्यामुळे ३० मिनिटं जास्त मागता येतात. मात्र ती सवलत परीक्षेच्या खात्यातून आधी मंजूर करून घ्यायची आणि मग तारीख घ्यायची. उलट केलं तर मिळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे सोडू नये.

परीक्षेच्या खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एकच हवं. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं स्पेलिंग बुकिंगच्या आधीच खात्यात टाका. घरून परीक्षा द्यायची तर टेबल मोकळं, दुसरा मॉनिटर नाही, मोबाइल हाताला येणार नाही इतका लांब, आणि खोलीत कुणी डोकावायचं नाही. चहा घेऊन आलेली आई दिसली तरी परीक्षा रद्द होऊ शकते. लग्नसराईत गल्लीत बँड असेल, वीज बेभरवशाची असेल, तर पुण्याचं केंद्र घ्या. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जा, पण वेळ दुपारची निवडा, गाडी उशिरा पोचली तरी चालेल अशी.

एडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ॲझ्युअरचं एझेड-१०४ (ॲडमिनिस्ट्रेटरचं प्रमाणपत्र) एकच वर्ष, पण नूतनीकरण फुकट, घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून करता येतं. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत ते करायचं. एक दिवस जरी उशीर झाला तरी पूर्ण परीक्षा आणि पूर्ण फी, तेव्हा मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा.