टायरची पट्टी निघाली आणि मग क्लेम

सकाळी साडेसहाला ड्रायव्हरचा फोन आला की बातमी चांगली नसतेच. "मालक, मागनं फटफट आवाज येत होता, थांबलोय, डाव्या बाजूच्या बाहेरच्या टायरची पट्टी निघाली." मी पहिला प्रश्न विचारला, हवा आहे का? तर म्हणाला हवा आहे, टायर उभाच आहे, फक्त वरचं रबर सोलल्यासारखं झालंय आणि मडगार्ड फाटलंय, टेललॅम्पची वायर पण गेली. आणि पट्टी? ती म्हणे मागे पडलीय रस्त्याच्या कडेला, कशाला हवीय ती. म्हटलं बाबा, मागे जा चालत, ती पट्टी उचल आणि केबिनमध्ये टाक, घाण होऊ दे केबिन.

हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, उगाच सुचलं. पण पुढचं सगळं त्या पट्टीवर ठरलं म्हणून आधी सांगून टाकतो.

माझ्याकडे दोनच ट्रक आहेत. त्यातल्या एकाच्या मागच्या हाऊसिंगला, म्हणजे मागच्या चाकांच्या अॅक्सलला, चार रिट्रेड टायर होते, २९५/८० आर २२.५, सगळे तारवाले रेडियल. रिमोल्ड म्हणा, रिट्रेड म्हणा, एकच, झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेले. केसिंग, म्हणजे नक्षीखालचा मूळ टायर, माझीच होती, मीच नवे घेतलेले, एक आयुष्य चालवलेले आणि ३-४ मिमी नक्षी शिल्लक असताना उतरवलेले. पार गुळगुळीत होईपर्यंत चालवायचे आणि मग रिट्रेडला द्यायचे, हा हिशोब चुकतो, कारण तोवर नक्षीखालच्या स्टीलच्या पट्ट्यांतली तार मार खाऊन बसलेली असते. सहा टायर दिले होते, त्यातले दोन त्यांनी तपासणीतच परत पाठवले. तेव्हा मी चिडलो होतो, चांगले टायर नाकारतात म्हणून. आता वाटतं, नाकारणारा माणूस तिथला सगळ्यात कामाचा माणूस होता.

काम थंड पद्धतीचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुनी नक्षी मशीनवर खरवडून काढतात, त्याला बफिंग म्हणतात, मग जखमा साफ करून भरतात, त्यावर कुशन गमचा, म्हणजे चिकटवणाऱ्या कच्च्या रबराचा, पातळ थर लावतात, त्यावर आधीच शिजवून तयार असलेली नक्षीची पट्टी गुंडाळतात, आणि सगळं रबरी आवरणात घालून मोठ्या चेंबरमध्ये दाब देऊन साधारण १०० अंशाच्या आसपास काही तास शिजवतात. गरम पद्धतीत कच्चं रबर साच्यात घालून जास्त तापमानाला, १५० च्या आसपास. थंड पद्धत जर्मनीतल्या बर्नार्ड अँटन नोवाक यांनी बसवली आणि १९५७ साली रॉय कार्व्हर या अमेरिकन माणसाने तिचे हक्क घेतले, हे मी क्लेमच्या भानगडीत रात्री जागून वाचत बसलो तेव्हा कळलं. म्हणजे टायरचा सगळा जीव त्या कुशन गमच्या काही मिलिमीटरमध्ये. तो धरला तर नवा टायर, नाही धरला तर पट्टी रस्त्यावर.

वॉरंटीचा कागद मिळाला होता. मी तो वाचला नव्हता. बिलाला स्टेपल करून ड्रॉवरमध्ये टाकला, सगळे तसंच करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजला आल्यावर टायर पूर्ण थंड असताना गेज लावलं, १०६ पीएसआय. आम्ही ११० ठेवतो. फोटो काढला गेजसकट. नंबरचा पण फोटो काढला, साईडवॉलवर चार आकडे असतात ना, माझ्या टायरवर ३११९ होते, म्हणजे २०१९ सालचा ३१ वा आठवडा. त्या सोबत रिट्रेडवाल्याचा स्वतःचा शिक्का असतो, कुठल्या तारखेला केला त्याचा, तो पण. मग तो टायर, पट्टी, आणि त्याच खेपेला काढलेला जोडीतला आतला एक टायर, ज्याच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या कडेला, फुगा दिसत होता, असं सगळं घेऊन रिट्रेडवाल्याकडे गेलो. दोन क्लेम एकदम करू म्हटलं, फेरी वाचेल.

काउंटरवरच्या मुलाने टायर पाहिला, म्हणजे खरं तर टायरकडे पाहिलं, आणि फॉर्मवर लिहिलं "हवा कमी, रन फ्लॅट, क्लेम नामंजूर", म्हणजे कमी हवेवर चालवला, चूक तुमची. दोन मिनिटं. मी म्हटलं साहेब, टायर उभा आहे, हवा अजून धरून आहे, १०६ होती, हा फोटो बघा. तर म्हणे, "ती तुम्ही नंतर भरली असेल."

आता इथे मला राग आला पण त्याचं म्हणणं तसं अगदीच चूक नाहीये, कारण लोक भरतात. फोटोने काही सिद्ध होत नाही. पण टायर स्वतः सांगतो ना. कमी हवेवर चाललेल्या टायरची साईडवॉल प्रत्येक फेरीला जास्त दबते, तापते, आणि आतल्या बाजूला लायनरवर, म्हणजे टायरच्या आतल्या अस्तरावर, गोल सुरकुत्या पडतात, रबर घासून रेघ उमटते, कधी निळसर काळपट रंग येतो, हात फिरवला तर रबराची भुकटी हाताला लागते. टायरच्या धंद्यात नियम असा धरतात की ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याखाली चालला तर तो रन फ्लॅट समजायचा, म्हणजे माझ्या ११० ला ८८. मी म्हटलं, आत टॉर्च मारून दाखवा मला ती रेघ. नाही दाखवली तर फॉर्मवरचं वाक्य खोडा. त्याने आत फोन केला.

मग मोठे तपासनीस आले, वयस्कर माणूस, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, पट्टी आणलीय का? आणलीय म्हटल्यावर चेहरा थोडा बदलला त्यांचा, "बरेच जण आणत नाहीत" म्हणाले. पट्टी उलटी करून जमिनीवर पसरली, केसिंग शेजारी ठेवलं, दोन्हीवर आधी अंगठा फिरवला, मग टॉर्च मारली. टायरच्या आत डोकं घालून बघितलं, लायनर स्वच्छ, सुरकुती नाही. मग मला जवळ बोलावून दाखवलं. पट्टीची मागची बाजू बहुतेक ठिकाणी फाटल्यासारखी खरबरीत होती, रबराचे तंतू ओढले गेलेले. पण खांद्याकडे एक वीतभर जागा होती जिथे चकचकीत, गुळगुळीत, हात फिरवला तर काच. आणि केसिंगवर अगदी त्याच जागी बफिंगच्या रेघा जशाच्या तशा दिसत होत्या, जणू काल खरवडलंय.

"रबर फाटलं तर समजायचं चिकटलं होतं, मग जोराने तुटलं. सोललं तर समजायचं चिकटलंच नव्हतं," असं म्हणाले. मला हे एकच वाक्य दोन वर्षं आधी माहीत असतं तर. त्यांच्या मते तिथे धूळ, ओल किंवा तेलकट हात लागला असेल, किंवा बफिंग झाल्यावर केसिंग फार वेळ उघडं पडून राहिलं आणि मग कुशन लावलं, खरवडलेलं रबर हवेत जुनं होतं, त्यावर कुशन धरत नाही. तिथून सुटायला सुरुवात झाली, हवा आणि उष्णता आत शिरत गेली, आणि एक दिवस सगळीच गेली. फॉर्मवरचं वाक्य त्यांनी स्वतः खोडलं, खाली सही केली. काउंटरवरच्या मुलाकडे बघितलं सुद्धा नाही, त्यामुळे मला जरा वाईटच वाटलं त्याचं.

मी म्हटलं, हं, आता दुसरा.

दुसरा टायर कापला. कापल्याशिवाय कळणार नव्हतं. फुग्याखाली स्टीलच्या पट्ट्यांवर तांबडा गंज, दोन बोटं रुंद, आणि त्याच्या मधोमध एक जुनं भोक, ज्यात बाहेरूनच रबराची वात कोंबलेली. त्यांनी मला विचारलं, हे पंक्चर कधीचं? आता माझ्याकडे वही असते, टायरची, हवा, किलोमीटर, पंक्चर सगळं लिहितो मी, पहिल्या क्लेमला हीच वही मी ऐटीत टेबलावर आपटली होती. उघडली. रिट्रेड झाल्यावर चार महिन्यांनी, खिळा, "बाहेरून केलं, घाईत", माझ्याच अक्षरात.

बाहेरून वात घातली की हवा थांबते पण पाणी थांबत नाही. पाणी भोकातून स्टीलपर्यंत जातं, तार गंजते, गंजलेल्या तारेला रबर सोडून देतं आणि फुगा येतो. बरोबर काम म्हणजे टायर उतरवून, आतून तपासून, भोक बुजवून वर पॅच. ते अर्ध्या तासाचं काम, आणि मी त्या दिवशी लोड पोचवायचा म्हणून पुढे जा म्हणालो होतो. काय बोलणार. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, मी म्हटलं हा क्लेम मीच मागे घेतो, लिहा तसं.

पहिल्याचा हिशोब कसा झाला ते सांगतो कारण लोकांना वाटतं वॉरंटी म्हणजे नवा टायर. तसं नसतं. रिट्रेडवर नवीन नक्षी १५ मिमी होती, पट्टीवर चार ठिकाणी गेज लावून सगळ्यात कमी आकडा धरला, ११. मी मनात ११ भागिले १५ करून बसलो होतो, ७३ टक्के. पण कागदात होतं की शेवटचे ३ मिमी धरायचे नाहीत, कारण ते वापरायचेच नसतात. म्हणजे १२ पैकी ८, ६७ टक्के. सहा टक्क्यांसाठी मी पंधरा मिनिटं हुज्जत घातली आणि हरलो, कारण कागदावर सही माझीच होती. मडगार्ड, टेललॅम्पची वायर, गेलेला दिवस, यातलं काहीच वॉरंटीत बसत नाही, त्याचंही कलम होतंच. केसिंगवर वेगळं कलम, त्यात केसिंग बाहेरून घासलं गेलं असेल तर भरपाई नाही. ड्रायव्हर लगेच थांबला म्हणून वाचलं, अजून दहा किलोमीटर तसाच ओढत आणला असता तर तार उघडी पडली असती आणि केसिंग पण गेलं असतं.

त्यांनी विचारलं, याच केसिंगवर परत करून देऊ का, त्या ६७ टक्क्यांच्या सवलतीत. मी म्हटलं आधी शिअरोग्राफी करा, म्हणजे टायर व्हॅक्युममध्ये ठेवून लेझरने बघतात, आत थर कुठे सुटले असतील तर फुगून दिसतात. केली. साफ निघाला. मग हो म्हटलं.

या सगळ्यात ओळखीच्या चार जणांनी मला सांगितलं, बघ, आम्ही म्हणत होतो रिमोल्ड घेऊ नको, हायवेवर पडलेल्या सगळ्या पट्ट्या रिमोल्डच्याच असतात. असं नाहीये. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यासाठी झालेला २००८ चा एक अभ्यास आहे, रस्त्यावरचे तुकडे गोळा करून तपासले होते, त्यात नव्या टायरचे पण तुकडे निघाले आणि बहुतेकांचं कारण बनवण्यातली चूक नव्हती, रस्त्यावरचा मार आणि हवेची हेळसांड जास्त होती. विमानाचे टायर तर परत परत रिट्रेड करतात, आणि त्यावर आपण बसून जातो. पुढच्या चाकांवर मात्र मी कधीच घालत नाही. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकाला रिट्रेड कायद्यानेच बंद आहे, ट्रकला नाही, पण स्टिअरिंग हातात धरणारा माझा माणूस आहे, तिथे मी वाद घालत नाही.

नवीन पट्टी घालून टायर परत आला त्याला सात आठवडे झाले. डाव्या बाजूला आतला-बाहेरचा जुळतो का ते आधी मोजलं, कारण जोडीत एक मोठा एक लहान झाला की मोठ्यावर भार येतो आणि लहान घासत फरफटतो, या मापाच्या टायरला व्यासात साधारण १३ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. आमचा ६ आला. हवा आता ड्रायव्हर सकाळी निघायच्या आधीच बघतो, गरम टायरची वाढलेली हवा सोडायची नाही एवढं त्याला पटायला दोन भांडणं लागली. आतल्या टायरची हवा बघायला अजून कंटाळतो तो, व्हॉल्वचा नळा वाकडा बसलाय, गेज नीट बसत नाही. नळा आणून ठेवलाय, उद्या गाडी आली की बदलतो.