नेत्याच्या पिण्याची बातमी कधी होते?

आज दिवसभर कोल्हापुरात एकच व्हिडिओ फिरतोय: नेता भाषणात अडखळतोय, म्हणजे प्यालेलाच! पत्रकारांनो, आधी मूळ फाईल मिळवा. वेग थोडा कमी केला तरी शुद्धीतला माणूस झिंगलेला वाटतो. साखर उतरली तरी जीभ अडखळते. तिघे तेच सांगतात, पण तिघांनी एकाच कार्यकर्त्याकडून ऐकलेलं असतं. बातम्या इथंच फसतात.

घरात कोण काय पितो, तो त्याचा प्रश्न. कामावर परिणाम होत असेल तर मात्र गप्प बसणं चूकच. हजेरीपत्रक, सभेचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस. गाडी चालवताना पकडल्याची चर्चा असेल तर एफआयआर वाचा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, ही कायद्याची मर्यादा. आणि छापण्याआधी त्या नेत्याला लेखी प्रश्न पाठवाच.