एच-इंडेक्सवर सॉर्ट मारला की काय होतं

परवा संशोधकाच्या एका पोस्टसाठी आलेले अर्ज बघायला बसलो, शीट उघडली तर कुणीतरी आधीच एच-इंडेक्सवर, म्हणजे संशोधकाचं काम एका आकड्यात मोजणाऱ्या मापावर, सॉर्ट मारून ठेवलेला, वरचे दहा घ्या आणि मोकळे व्हा असा एकूण मूड. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू, एवढे पेपर वाचायला वेळ कुणाकडे असतो.

पण हा आकडा येतो कुठून? हिर्श नावाच्या फिजिसिस्टने २००५ मध्ये काढला. प्रत्येकी निदान २० सायटेशन (इतर पेपरांत आलेले उल्लेख) असलेले २० पेपर असले की तुमचा एच २०. म्हणजे कुणी तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला हजार सायटेशन मिळाली तरी तो बिचारा ३ वरच अडकणार. आणि हा सहसा खाली येत नाही, नुसतं वय वाढलं तरी वाढतो, त्यामुळे नुकती पीएचडी झालेली मुलगी आणि वीस वर्षं लॅब चालवणारा माणूस एका कॉलममध्ये टाकले की निकाल आधीच लागलेला.

इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे जर्नलच्या आकड्याची, तर मजाच आहे. आधीच्या दोन वर्षांतल्या पेपरांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले पेपरांची संख्या, सरळ सरासरी. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा २००८ चा आकडा होता २ च्या आसपास, २००९ ला थेट ४९.९! झालं काय, तर २००८ मध्ये शेलएक्स या सॉफ्टवेअरवर एक पेपर आला आणि ते वापरणाऱ्या झाडून सगळ्यांनी तो साइट केला, बास. शेजारच्या पानांवरचे पेपर होते तसेच राहिले, पण सीव्हीत मिरवायला ५० मिळाले ना.

जर्नलच्या आकड्यावरून माणूस जोखू नका हे संशोधन कसं जोखावं यावरच्या डोरा या जाहीरनाम्याने २०१३ लाच सांगितलंय, सह्याही धडाधड झाल्या, पण सही करणारेच पुढे सॉर्ट मारतात त्याला काय करणार.

आम्ही शेवटी सॉर्ट काढला, प्रत्येकाकडून त्याला स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन पेपर आणि त्यात त्याने नक्की काय केलं यावर चार ओळी मागवल्या. आकडे नंतर बघितले, तेही त्याच विषयातल्या, त्याच वयाच्या लोकांशी लावून. आणि हो, गूगल स्कॉलर आणि स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या दोन डेटाबेसचा एच एकच नसतो, निम्म्या अर्जांत कुठून घेतला तेच लिहिलं नव्हतं, आणि आम्ही त्यावर सॉर्ट मारून बसलो होतो.