फ्लॅश क्युरिंग युनिट निवडताना: माझा अनुभव

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये गडद टी-शर्टवर पांढरा अंडरबेस (वरचे रंग उठून दिसावेत म्हणून खाली मारलेला पांढरा थर) मारला की पुढचा रंग चढवण्याआधी तो वरून सुकावा लागतो, नाहीतर पुढच्या स्क्रीनच्या मागच्या बाजूला लागतो आणि पुढचा प्रत्येक शर्ट डागाळतो. फ्लॅश युनिट म्हणजे शर्टावर धरायचा हीटर, आणि त्याचं काम एवढंच. प्लास्टिसोल (प्लास्टिकयुक्त छपाईची इंक) साधारण 100 ते 120 अंश सेल्सियसला जेल होते, म्हणजे हाताला लागणार नाही इतपत घट्ट होते. पक्की व्हायला बहुतेक इंकना 160 अंशांच्या आसपास लागतात. म्हणून "आमचं युनिट किती तापतं" या आकड्यावर मी निवड केली नाही. तापतात सगळीच.

आधी मोजली छपाईची जागा. युनिटच्या तापणाऱ्या पॅनेलच्या कडा मधल्या भागापेक्षा थंड असतात, त्यामुळे प्रिंटच्या प्रत्येक बाजूला दोन इंच पॅनेल जास्त हवं. 12 बाय 14 इंचाच्या प्रिंटला 16 बाय 18 लागतं. 16 बाय 16 चं युनिट इथेच बाद होतं: छातीवरच्या लोगोला ते उत्तम, पण मोठ्या डिझाइनचा वरचा किंवा खालचा काठ ओलाच राहतो. मी 18 बाय 24 कडे वळलो.

मग वीज. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. युनिट 3600 वॅटचं असेल तर 3600 भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ 15.7 अँपिअर. 16 अँपिअरच्या सॉकेटवर हा भार तासन् तास चालवायचा म्हणजे प्लग काळा पडण्याची तयारी. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि जाड वायर हे आधी, युनिट नंतर. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको.

खरा विचार करायला लावला तो पॅनेल की क्वार्ट्झ या प्रश्नाने. पॅनेलवालं तापायला दहा-पंधरा मिनिटं घेतं आणि दिवसभर चालूच ठेवावं लागतं, म्हणून ते पॅलेटवरून (शर्ट ज्यावर चढवतात त्या फळीवरून) बाजूला सरकवता आलंच पाहिजे. क्वार्ट्झच्या ट्यूब काही सेकंदांत तापतात आणि टायमरने लागतील तेवढ्याच वेळ चालतात. विजेची बचत होते. पण त्यांच्या उष्णतेला रंगाचा फरक कळतो: काळं कापड ती भराभर शोषतं, पांढरी इंक बरीचशी परतवते. इंक ओलीच असते आणि कापड करपायला लागतं. हाताने चालणाऱ्या छोट्या प्रेसला मला पॅनेलच जास्त भरवशाचं वाटतं. वॉटर-बेस्ड इंक वापरणार असाल तर मात्र पंखा असलेलं युनिट घ्या, कारण तिथे पाणी उडवायचं असतं आणि नुसत्या उष्णतेने वर साय धरते, आत ओल राहते.

स्टँडला उंचीचा स्क्रू हवा. कापडापासून दोन ते तीन इंच अंतर धरून मी सुरुवात करतो आणि आठ-दहा सेकंदांनी बोट टेकवून बघतो: किंचित चिकट लागावं, पण बोटाला रंग येता कामा नये. अगदी कोरडं लागलं तर जास्त झालं. अशा अंडरबेसवर वरचा रंग धरत नाही आणि धुतल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय डझनभर शर्टांत पॅलेट तापतात, मग चार-पाच सेकंद पुरतात. तोच वेळ धरून बसलात तर गरम पॅलेटमुळे स्क्रीनमधली इंक जाळीतच जेल होऊ लागते. पहिल्या शर्टापासून वेळ साधारण सारखा राहावा म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रिकामे पॅलेट थोडे तापवून घेणं फायद्याचं.

पॉलिएस्टरला आणखी सांभाळावं लागतं. जास्त उष्णतेत कापडाचा रंग पांढऱ्यात चढतो, लाल शर्टावरचं पांढरं गुलाबी होतं. तिथे लो-ब्लीड इंक आणि कमीत कमी फ्लॅश.

युनिट ताब्यात घेण्याआधी ते पूर्ण तापू द्या. पॅलेटवर जुनं कापड लावून ते पॅनेलखाली ठरावीक सेकंद धरा, बाजूला काढा आणि लगेच लेझर थर्मामीटरने मध्यभाग आणि चारही कोपरे मोजा. एखादा कोपरा बाकीच्या कोपऱ्यांपेक्षा वीसेक अंशांनी मागे असेल तर कॉइल किंवा जोडणी सदोष असू शकते; ते युनिट घेऊ नका.