डावीकडून तिसरा कोण?

आमच्या शाळेच्या स्मरणिका कमिटीतून फोन आला तेव्हा मला वाटलं कार्यक्रमाचे फोटो काढायला बोलवतायत, मी लगेच म्हटलं येतो की, किती वाजता ते सांगा. तर पलीकडून, अहो फोटो नकोत, दोन पानं मनोगत लिहून द्या. आता दहावीला मराठीत मला एक्केचाळीस मार्क होते, तेही पेपर तपासणाऱ्याचं जेवण चांगलं झालं असणार म्हणून. तेव्हा शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या.

मी १९८८ च्या बॅचचा, 'क' तुकडी. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात सगळ्या बॅचचे ग्रुप फोटो लावलेत ना, त्यात आमचाही आहे. पुढं सतरंजीवर मुली, मग खुर्चीवर सर आणि बाई, त्यांच्या मागं एक रांग उभी आणि त्याच्याही मागं बाकांवर चढवलेली उंच पोरं. खाली पांढऱ्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात सगळ्यांची नावं, 'खुर्चीवर डावीकडून', 'उभे डावीकडून' अशी. आणि अगदी शेवटी एक ओळ, 'गैरहजर', त्यापुढं एकच नाव. ते माझं.

गंमत म्हणजे मी त्या दिवशी शाळेत होतो. कॅमेऱ्यापासून दोन फुटांवर उभा होतो. फोटोग्राफर लाकडी कॅमेरा घेऊन आले होते, तिवईवर लावायचा, वर काळं कापड. त्यांचा पोरगा आला नव्हता आणि ऊन तिरकं भिंगावर येत होतं म्हणून छत्री धरायला कुणीतरी उंच पाहिजे होतं, सरांनी मला रांगेतनं बाहेर काढलं. पहिला फोटो झाल्यावर ते म्हणाले बघायचंय का, आणि मी त्या कापडात डोकं घातलं. आत दुधी काचेवर आख्खा वर्ग उलटा लटकलेला! हेडसरसुद्धा खाली डोकं वर पाय. बाहेर आवाज नाही, आत अंधार, आणि एवढाले सगळे लोक त्या काचेवर हलतायत. मी किती वेळ बघत होतो माहीत नाही, त्यांनी कॉलर धरून बाहेर काढलं, दुसरा फोटो घेतला, तोपर्यंत घंटा झाली आणि सगळे पांगले. मला रांगेत परत जायचं होतं हे मलाच आठवलं नाही, आणि नावं लिहून देणाऱ्यांनी फोटोत नाही म्हणजे गैरहजर असा सरळ हिशोब केला. आईला फोटो दाखवला तर आधी ती रागावली, मग दोन दिवस सगळ्यांना सांगत होती, आमचा गैरहजर आला जेवायला.

पण फोटोग्राफीचं खरं शिक्षण कॅमेऱ्यानं नाही दिलं, ते आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी दिलं, आणि त्यांना स्वतःला कॅमेऱ्याचा राग होता. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीला शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवायचे. टेबलावर तांब्या, दोन वांगी, चुरगळलेला रुमाल. आम्ही सगळे तांब्याच्या मागं लागायचो, कडा गोल येतायत का नाही ते. सर येऊन खिडकीचं एक दार लावायचे, खोलीत निम्मा अंधार, आणि म्हणायचे, तांब्या सोड रे, तांब्या सगळ्यांना येतो, त्याची सावली कुठं संपते ते दाखव मला. ती कुठं संपते ते दिसतच नाही हे कळायला मला महिना लागला. इंटरमिजिएटला सी ग्रेड आली. पण आजही लग्नात नवरीच्या खोलीत गेलो की मी पहिल्यांदा एक सोडून सगळ्या खिडक्या लावतो, घरातल्या बायका ओरडतात, अहो उकडतंय, आणि तो व्हिडिओवाला तेवढ्यात त्याचा भगभगीत लाईट लावून सगळ्याची माती करतो ते वेगळं.

पहिला कॅमेरा मामाचा, आगफाचा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. त्यात ऊन की ढग एवढंच ठरवायचं, बाकी सगळं देवावर. वन ट्वेंटीचा रोल, त्यात फोटो बारा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा, तो स्वस्त. पहिला रोल मी शाळेच्या क्रीडा महोत्सवात संपवला. बारांपैकी सात आले, त्यातल्या तिघांत धावणाऱ्यांचे पाय नाहीत, आणि एक फोटो तर चुकून निघालेला, आमचे शिपाई मामा घंटेखाली बसून डब्यातली भाकरी खातायत, हातात कांदा. त्यांना नेऊन दिला तर म्हणाले, असला काय काढलास, कपडे तरी नीट घालून बसलो असतो की. पण ठेवून घेतला.

दहावीनंतर त्याच ग्रुप फोटोवाल्यांच्या स्टुडिओत लागलो. दोन वर्षं डार्करूममध्ये, लाल दिवा, तीन ट्रे, चित्र उमटवायला डेव्हलपर, मग पाणी, आणि ते पक्कं करायला हायपो. हायपोचा वास हाताला इतका बसायचा की आई जेवताना चमचा द्यायची. तिथं एक काम कंटाळवाणं होतं, धुतलेल्या प्रत्येक प्रिंटच्या मागं मऊ पेन्सिलनं नाव, गाव, तारीख लिहायची. बॉलपेन नाही, त्याचा पुढून वळ उठतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. मी टाळाटाळ करायचो. मालक म्हणायचे, लिही, तुझ्यासाठी नाही लिहीत आपण. तेव्हा मला वाटायचं म्हातारा उगाच पिडतो.

नंतर सांगलीत गावभागात स्वतःचा स्टुडिओ टाकला. २००५ चा कृष्णेचा पूर बघितलेला होता, आयर्विन पुलापाशी पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढं गेलतं. म्हणून मी हुशारी केली, भिंतीवरच्या त्या पाण्याच्या खुणेच्या वर बरोबर दोन फुटांवर माळा बांधला आणि सगळ्या निगेटिव्हज तिथं ठेवल्या. ऑगस्ट २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. हिशोब तुम्हीच करा.

आम्ही विश्रामबागला मेहुण्याकडं होतो. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर आत गुडघाभर गाळ आणि वास असा की अजून पावसाळा आला की नाकात येतो. माळ्यावरच्या डब्यांत पाणी. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की फुगतो, चिकट होतो, आणि गठ्ठा तसाच वाळला तर विटेसारखा होतो, मग काही खरं नाही. त्यामुळं वाळवायची घाई करायची नाही, उलट गार स्वच्छ पाण्यात ठेवायचे, पाण्याखालीच हळूहळू सोडवायचे, आणि जे आज होणार नाहीत ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. हे मला माहीत होतं कारण जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर फुजीफिल्मवाल्यांनी आणि बाकी लोकांनी असे चिखलातले फोटो धुऊन परत दिले होते, त्याबद्दल वाचलं होतं. वाचताना कुठं वाटलं होतं आपल्यावर वेळ येईल. मेहुण्याच्या फ्रीझरमधले मटार बाहेर आणि माझी गिऱ्हाइकांची लग्नं आत. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांना दंडवत.

मग गल्लीतले लोक आपापले अल्बम घेऊन यायला लागले. त्या पारदर्शक चिकट पानांचे अल्बम मिळायचे ना, ते सगळ्यात वाईट, एरवीसुद्धा वाईटच, फोटोच्या पाठीला गोंद खातो. दात साफ करायचा दोरा मागून सरकवत सरकवत एकेक फोटो काढला. गच्चीवर दोऱ्या बांधल्या, कपड्यांचे चिमटे लावले. काळे-पांढरे जुने बरेच वाचले. रंगीत मात्र कडेकडेनं लाल, मग पिवळे, मग कोरे होत गेलेले, कारण कागदावर रंगांचे थर एकावर एक असतात, निळसर वरचा तो आधी जातो, पिवळा सगळ्यात खाली. एका बारशाच्या फोटोत बाळ गेलं, पाळणा गेला, राहिली फक्त मागच्या भिंतीवरची कॅलेंडरची तारीख.

एक आजी रोज यायच्या. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम मीच केलेला. मी आपला वरात, सप्तपदी, रिसेप्शन असे मोठे फोटो आधी सोडवत होतो, त्या बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या. चौथ्या दिवशी मी विचारलं, आजी नक्की कुठला पाहिजे? म्हणाल्या, पंगतीतला रे, हे जिलबी खाताना हसतायत तो, दुसरा हसताना नाहीच त्यांचा. तो सापडला. आजोबांचा एक कान आणि शेजारच्याचं आख्खं तोंड गेलं होतं, हसू होतं.

त्या फोटोबद्दल एक सांगायला पाहिजे. तो मी मनानं काढलेला. चारपाचशे लग्नं झाली की सगळी लग्नं एकच लग्न होतं, हात यंत्रासारखा चालतो आणि डोकं घरी असतं. तेव्हापासून मी प्रत्येक लग्नात शेवटचे वीस-तीस फोटो कुणी न सांगितलेले काढतो. हात धुवायला उभे असलेले लोक, चपला शोधणारे, ढोल बाजूला ठेवून चहा पिणारे, मांडवात झोपलेली पोरं. शिपाई मामांच्या भाकरीचाच तो नाद. हल्ली कॅमेरा घेतलेली पोरं येतात, विचारतात काका इन्स्पिरेशन कुठनं मिळतं, मला त्याचं उत्तर देता येत नाही, मी त्यांना एक खिडकी लावायला सांगतो आणि पंगतीत पाठवतो. निम्मी परत येत नाहीत.

पण त्या गच्चीवर मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. वाचलेले फोटो वाळले, गठ्ठे झाले, आणि त्यातले कितीतरी कुणाचे तेच कळेना. वाहून आलेले, रद्दीत मिसळलेले. चेहरा स्वच्छ, साडीची जरसुद्धा मोजून घ्यावी, आणि बाई कोण? गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना बसवून ओळखपरेड केली. ज्यांच्या मागं पेन्सिलनं काही लिहिलेलं होतं ते तासाभरात घरी पोचले. पेन्सिल पाण्यानं जात नाही. त्यातले काही अक्षर माझंच होतं, त्या दोन वर्षांतलं, कंटाळत लिहिलेलं. मालक तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरलेले अडीचशे फोटो अजून माझ्याकडं खोक्यात आहेत.

आणि आता मोबाईल. एका बारशाला दोन हजार फोटो, सगळे व्हॉट्सअपवर पाठवून बारीक झालेले, आणि फोन पडला की सगळं गेलं. तीन ठिकाणी ठेवा म्हणून सांगतो, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या घरी, माळ्यावर नको! लोक हो हो म्हणतात.

तर आता कामाचं. कमिटीनं या स्मरणिकेसाठी शाळेतले सगळे जुने ग्रुप फोटो मला स्कॅन करायला दिलेत. पुठ्ठ्यावर नावं छापलेली आहेत तोवर काही प्रश्न नाही. पण सगळ्यात जुन्या चौदा फोटोंचे पुठ्ठे कधीतरी फ्रेम बदलताना कापून टाकलेत, फ्रेमवाल्याला मापात बसवायचे असणार. मागं काहीच नाही. त्यातल्या एकावर मात्र मैदानातला पिंपळ अगदीच लहान दिसतो, कुंपण घातलेला, म्हणजे शाळेची पहिली काही वर्षं असणार. तीन रांगा, सगळ्यांना टोप्या. मधल्या रांगेत डावीकडून तिसरा एक मुलगा आहे, उजवा हात गळ्यात बांधलेला, प्लास्टर घातलेला, आणि तो कॅमेऱ्याकडं न बघता कडेला कुठंतरी बघतोय, बहुतेक कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या कुणाकडंतरी. आज तो ऐंशीच्या पुढं असेल. कुणाचे वडील, आजोबा, काका असतील, लहानपणी हात मोडल्याची गोष्ट सांगत असतील, तर जरा विचारा घरी. कार्यक्रमाच्या तिन्ही दिवशी ते चौदा फोटो घेऊन मी ड्रॉइंगच्या खोलीत बसणार आहे, खिडकीचं एक दार लावून. पेन्सिल आणतो.