अमर माणसाची सही

'हायलँडर' हा १९८६चा सिनेमा. सुरुवातीलाच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कुस्त्या रंगल्यात, लोक बोंबलतायत आणि खाली पार्किंगमध्ये दोन सभ्य दिसणारे गृहस्थ तलवारी घेऊन एकमेकांच्या मागे लागलेत. एकाचं मुंडकं उडतं, विजा नाचतात, गाड्यांच्या काचा फुटतात. नियम एवढाच की ही माणसं अमर आहेत. मुंडकं उडालं तरच मरतात, आणि शेवटी एकच उरायचा.

नायक कॉनर मॅक्लाउड सोळाव्या शतकातला स्कॉटिश. त्याचं काम केलंय जिनिव्हात वाढलेल्या ख्रिस्तोफर लॅम्बर्टनं, त्यामुळे इंग्रजीला फ्रेंच वळण. त्याचा गुरू रामिरेझ जन्मानं इजिप्तचा, नावानं स्पॅनिश, हातात जपानी तलवार. आणि तो झालाय अस्सल स्कॉटिश शॉन कॉनरी, बोलणं तसूभरही न बदलता. लोक यावर अजून हसतात. सोलापुरात वाढलेल्या माणसाला मात्र यात खटकण्यासारखं काही नाही. आमच्या पूर्व भागात तेलुगूत निघालेलं वाक्य मराठीतून हिंदीत जाऊन संपतं, मध्येच कुणाची तरी कन्नड आजी डोकावते आणि सगळ्यांना सगळं कळतं.

मला जास्त मजा वाटली ती पवित्र जागेच्या नियमाची. देवळात, चर्चमध्ये, कुठल्याही धर्माच्या जागी अमरांनी लढायचं नाही. कुर्गन नावाचा खलनायक बाकी सगळे दुर्गुण बाळगून आहे. पेटीतून तलवारीचे तुकडे काढून तो खोलीत बसून जोडतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नवं खेळणं मिळाल्याचा आनंद असतो. पण तोही चर्चमध्ये फक्त चावटपणा करतो, हत्याराला हात लावत नाही. ही मंडळी सोलापुरात आली तर अवघडच. दर चार घरांमागे एक देऊळ, नाहीतर दर्गा. भुईकोट किल्ल्यात दोन हात करावेत म्हटलं, तर हरणारा पळत जाऊन शेजारच्या सिद्धेश्वराच्या आवारात उभा राहणार आणि तिथून विचारणार, "काय बे, आता?"

थट्टा थांबते ती हेदरपाशी. रामिरेझ सांगत असतो, बायकोला सोड, पुढे त्रास होईल. मॅक्लाउड सोडत नाही. मग डोंगरातल्या त्या घरात तिचे केस पांढरे होत जातात आणि हा होता तसाच राहतो. मरताना ती एवढंच मागते, की माझ्या वाढदिवसाला मेणबत्ती लाव. जवळजवळ चारशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये तो ती लावत असतो. हेदर म्हातारी होते तेव्हा मागे 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं गाणं वाजतं, ब्रायन मेनं लिहिलेलं, फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजात. कायम जगायचंय कुणाला, असं विचारणारं. फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला फारुख बलसारा. १९९१ साली गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. हे माहीत असलं की ते गाणं नुसतं ऐकता येत नाही.

तरी माझी सगळ्यात आवडती जागा कागदपत्रांची आहे. शतकानुशतकं जगणाऱ्या माणसाला मालमत्ता सांभाळायची तर अधूनमधून मरावंच लागतं. मॅक्लाउड जन्मताच दगावलेल्या एखाद्या बाळाचं नाव उचलतो, आपलं सगळं त्या नावावर करतो आणि पुढे तेच नाव घेऊन स्वतःचाच वारस म्हणून उभा राहतो. सध्या तो रसेल नॅश, जुन्या वस्तूंचा व्यापारी. पोलिसांकडे काम करणारी ब्रेंडा जुनी खतं काढून सह्या ताडून बघते. साल वेगळं, नाव वेगळं, हात एकच.

इथं अण्णा सरसावून बसले. एरवी ते असले सिनेमे बघत नाहीत, पण त्या रात्री नळाला पाणी यायचं होतं आणि आमच्या गावात त्यासाठी घरटी एक माणूस जागा असतो. अण्णा सरकारी पेन्शनर. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन, यादीत नावापुढे सही करून, आपण हयात असल्याचं कळवायचं. मागच्या खेपेला खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, "आजोबा, सही जुळत नाहीये." आडनावाची शेवटची वेलांटी पूर्वी ऐटीत वर जायची, ती हल्ली वाटेतच खाली बसते. मग यंत्रावर अंगठा ठेवला, तर रेघा झिजलेल्या. एकेक बोट करत शेवटी डाव्या हाताच्या करंगळीजवळचं बोट त्यांच्या बाजूनं उभं राहिलं.

"ह्याची दोनशे वर्षांत बदलली नाही म्हणून हा सापडला," अण्णा पडद्याकडे बोट करून म्हणाले, "आणि माझी दहा वर्षांत बदलली म्हणून मी मेलो."

"शुभ बोला," आई आतून म्हणाली.

मग अण्णांना आपले सात चिरंजीव आठवले. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम. वाढदिवसाला त्यांचं नाव घ्यायचं. त्यांच्यात एकच उरायची भानगड नाही, सातही जण आपापल्या जागी आहेत. अश्वत्थामा तेवढा जखम घेऊन सातपुड्यात फिरतो म्हणतात. अस्तंब्याला दिवाळीत त्याची यात्राही भरते. पण प्रत्येकाला वर तरी आहे, नाहीतर शाप. "ह्या लोकांना कुणी दिलं अमरत्व?" अण्णांनी विचारलं. सिनेमा ते सांगत नाही, आणि माझ्या मते ती त्याची सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. पाऊस पडतो तसे हे लोक अमर आहेत, बस्स.

शेवटी मॅक्लाउड एकटा उरतो आणि बक्षीस मिळतं. काय, तर तो आता म्हातारा होऊ शकेल, त्याला मुलंबाळं होतील. अण्णा बराच वेळ हसले. "एवढी मुंडकी उडवून शेवटी पेन्शनरच झाला की रे!"

मग म्हणाले, "पुढचा भाग आहे का?"

१९९१ साली आलाय. त्यात हे सगळे दुसऱ्या ग्रहावरून आलेले असतात, असा खुलासा आहे.

"नाही," मी म्हणालो, "एवढाच आहे."