लूप सोडायचा कधी?

सोमवार, रात्री

डीजेच्या कंट्रोलरवर सराव चाललाय, आणि आजची संध्याकाळ चार मात्रांत गेली. एकाच गाण्याच्या, त्याच चार मात्रा. गाणं १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० मात्रा), म्हणजे मात्रेला अर्धा सेकंद आणि चार मात्रांना दोन. ऑटो लूपचं बटण दाबलं की तेवढे दोन सेकंद गाण्यातून सुटे होतात आणि मी थांबवेपर्यंत फिरत राहतात. पहिल्या काही फेऱ्यांत नुसता ठेका ऐकू आला. मग कळलं की हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजेची जोडी) दर वेळी सारख्या जोरात वाजत नाही, तिसरी मात्रा किंचित दबलेली आहे आणि चौथीच्या पोटात गायिकेनं घेतलेला श्वास आहे. हे गाणं वर्षानुवर्षं कानावर पडतंय. हा श्वास मात्र आजवर निसटत होता.

मावसभावाला फोन करून हे उत्साहानं सांगितलं. तो या धंद्यात मुरलेला आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, लूप कुणीही लावेल गं. तू तो सोडून दाखव."

म्हणजे काय, ते कागदावर हिशेब मांडल्यावर समजलं. नाचाची गाणी बहुधा ३२ मात्रांच्या तुकड्यांनी पुढे सरकतात. दर तुकड्याच्या शेवटी काहीतरी बदलतं: बेस येतो, टाळी जाते, आवाज सुरू होतो. १२८ बीपीएमच्या गाण्यात असा तुकडा बरोबर १५ सेकंदांचा. आता चार मात्रांचा लूप तीन वेळा वाजवून सोडला, तर पहिली फेरी गाण्याची स्वतःची आणि उरलेल्या दोन फेऱ्यांच्या आठ मात्रा जादा. पुढचं सगळं गाणं आठ मात्रांनी मागे सरकलं. दोन्ही डेकची (एकेक गाणं वाजवणाऱ्या दोन बाजूंची) लय तंतोतंत जुळलेली, स्क्रीनवर रेषेला रेषा लागलेली, आणि तरी पहिल्या गाण्याचं ध्रुवपद दुसऱ्याच्या भलत्याच जागी येऊन आदळतं. ठेका शाबूत असतो, सम गेलेली असते. अशा वेळी ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पाय घुटमळतात.

यावर दोन उपाय. जादा मात्रा ३२च्या पटीत आणून सोडायच्या, म्हणजे चार मात्रांच्या लूपच्या आठ जादा फेऱ्या. नाहीतर स्लिप मोड. त्यात लूप वर वाजत असताना गाणं खाली मुकाट्यानं पुढे चाललेलंच असतं आणि लूप सोडला की ते जिथे पोहोचलेलं असतं तिथून ऐकू येतं. स्लिप मोड सोयीचा आहे, पण त्यानं वेळ वाढत नाही. आणि मिश्रणात, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना, लूप लावायचा तोच मुळी जाणाऱ्या गाण्याला थोडं रेंगाळायला लावून येणाऱ्याची तयारी करण्यासाठी. त्यामुळे तिथे मोजणी सुटत नाही.

मंगळवार

सिंक बटणावरून लोक एवढे का भांडतात कळत नाही. सॉफ्टवेअर दोन गाण्यांची लय जुळवून देतं, ठीक आहे. तरी आज ते बंद ठेवून पिच फेडरनं (गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पट्टीनं) जुळवत बसले, कारण लय सुटताना कशी ऐकू येते ते कानाला माहीत हवं. १२० आणि १२०.१ यांत फरक तो काय? मिनिटाला मात्रेचा दहावा भाग, म्हणजे ५० मिलिसेकंद. एवढ्यानंही दोन किक (ढोलाचे खालचे ठोके) घोड्याच्या टापांसारख्या मागेपुढे पडायला लागतात. जॉग व्हीलला (डेकवरच्या फिरत्या चकतीला) कडेनं हलका धक्का दिला की परत एकत्र येतात आणि थोड्या वेळानं पुन्हा फाकतात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या १९७९च्या टर्नटेबलवर पिच फेडर अधिक-उणे आठ टक्क्यांचा होता, माझ्या छोट्याशा कंट्रोलरवरही तेवढाच आहे. सुमारे सहा टक्के वेग वाढवला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. की-लॉक लावलं तर सूर जागेवर राहतो आणि फक्त वेग बदलतो, पण जास्त ताणलं की ढोलाची धार बोथट होते.

उद्या सिंक पुन्हा चालू करणार. हात मोकळे राहतात.

बुधवार

लूपचा इतिहास वाचत बसले आणि सरावाचा वेळ संपला. पश्चात्ताप नाही.

फ्रान्समध्ये पियरे शेफर १९४८च्या सुमारास बंद खाचेच्या तबकड्यांवर प्रयोग करत होता. खाच आत आत न जाता स्वतःलाच येऊन मिळते, त्यामुळे सुई त्याच वर्तुळात फिरत राहते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर असा लूप पाऊण सेकंदाहून किंचित मोठा. लांबी कमी-जास्त करायची सोय नाही, आणि सोडायचा एकच मार्ग, सुई उचलणं.

खरी गंमत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. डीजे कूल हर्कची ११ ऑगस्ट १९७३ची पार्टी हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. त्यानं हेरलं की लोक सबंध गाण्यावर नाचत नाहीत. बाकीची वाद्यं थांबून फक्त ढोल वाजतो त्या काही सेकंदांची, म्हणजे ब्रेकची, वाट पाहतात. मग त्यानं त्याच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवर ब्रेक संपत आला की दुसरीवर सुरू, तेवढ्यात पहिली मागे. काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवता आला.

ग्रँडमास्टर फ्लॅशनं यात गणित आणलं. त्यानं तबकडीवर क्रेयॉननं खुणा केल्या आणि किती फेऱ्या मागे फिरवलं की ब्रेकच्या तोंडाशी येतो ते मोजून ठेवलं. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. गाणं १०० बीपीएमचं असेल तर एका फेरीत बरोबर तीन मात्रा बसतात. चार मात्रा मागे जायचं म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर एक तृतीयांश, तेही दुसरी तबकडी वाजत असताना, कानाला हेडफोन लावून, समोर गर्दी. माझ्या कंट्रोलरवर रंगीत उजेडाची आठ हॉट क्यू बटणं आहेत, दाबलं की गाणं खूण केलेल्या जागी उडी मारतं. ती त्याच क्रेयॉनच्या खुणांची वंशज. फरक इतकाच की त्यांना परतीचा रस्ता हातानं कापावा लागे, आणि दुसरी तबकडी तयार नसेल तर पहिलीचा ब्रेक संपायचा तो संपायचाच. त्यांचा लूप दर फेरीला नव्यानं मिळवलेला असे. माझा आपोआप फिरतो, म्हणूनच तो सोडायची आठवण मला स्वतःला ठेवावी लागते.

शुक्रवार

क्वांटाइझ बंद करून हातानं लूप लावायचा सराव केला. इन, मोजा चार, आउट. क्वांटाइझ चालू असताना बोट कुठेही पडलं तरी सॉफ्टवेअर जवळची मात्रा धरतं. बंद असताना आउटचं बटण ३० मिलिसेकंद उशिरा दाबलं तर दर फेरी तेवढीच लांब होते. एका फेरीत हे जाणवतही नाही. आठ फेऱ्यांत २४० मिलिसेकंद साठतात, म्हणजे १२० बीपीएमला जवळजवळ अर्धी मात्रा, आणि दुसऱ्या डेकचा ठेका बरोबर पोकळीत पडतो. असा लूप लवकर सोडावा लागतो. सुबक लूपमध्ये मात्र माणूस बसूनच राहतो.

मग खेळ म्हणून लूप अर्धा अर्धा करत गेले. चार मात्रा, दोन, एक, अर्धी. इथवर ठेका. एक अष्टमांश मात्रेला तोच तुकडा सेकंदाला १६ वेळा वाजतो, नुसती थरथर. एक बत्तिसांशला सेकंदाला ६४ वेळा, आणि आता तो ठेका उरतच नाही. सूर होतो! खर्जातला, सलग, गुणगुणणारा. ठेका आणि सूर ही एकाच गोष्टीची वेगवेगळ्या वेगातली रूपं आहेत हे पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या बोटाखाली घडताना पाहणं वेगळंच. चढत्या ताणासाठी बरेच डीजे हेच करतात: लूप निम्मा, निम्मा, निम्मा, मग सोडून द्यायचा आणि नेमक्या समेवर ढोल कोसळू द्यायचा. इतकं वापरलं गेलंय की आता ते येणार हे चार मात्रा आधीच कळतं. मला तरी एका कार्यक्रमात एकदाच बरं वाटतं.

शनिवार

आज इफेक्ट्स. सॉफ्टवेअरमध्ये ढीगभर आहेत. फ्लँजर, फेजर, बिटक्रशर, आणि काही असे की कुणाला कशासाठी हवेत देव जाणे. वाजवून पाहिले, बंद केले. मला दोनच पुरतात, फिल्टर आणि इको, आणि मी दोन्ही निघण्यासाठीच वापरते.

फिल्टर आधी. दोन गाण्यांचा बेस एकत्र वाजला की सगळं गढूळ होतं. अगदी सारखे दोन आवाज एकमेकांवर पडले तर पातळी सहा डेसिबलनं वाढते आणि मीटर लाल होतो. डिजिटलमध्ये लाल म्हणजे लाटेचा माथाच कापला गेला, तो परत येत नाही. शिवाय दोन किक किंचित मागेपुढे असतील तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज मोठा असूनही पोकळ लागतो. म्हणून येणाऱ्या गाण्याचा लो (बेसची कळ) आधी पूर्ण बंद, आणि तुकड्याच्या पहिल्या मात्रेवर अदलाबदल: याचा खाली, त्याचा वर. जाणाऱ्या गाण्यावर हाय-पास फिल्टर सावकाश फिरवला की आधी बेस जातो, मग आवाजाचं शरीर, शेवटी नुसती झांजेची कडा उरते. गाणं पातळ होत होत जातं.

इको हा खरा दरवाजा. जुन्या टेप इकोत दोन हेडमधलं अंतर आणि टेपचा वेग यांवर पडसाद किती वेळानं येणार ते ठरायचं. जमैकात किंग टबीनं सत्तरच्या दशकात मिक्सिंगचा टेबल वाद्यासारखा वाजवला. गायकाचा आवाज मध्येच काढून घ्यायचा आणि त्याच्या शेवटच्या शब्दाचा पडसाद रिकाम्या ठेक्यावर सोडून द्यायचा. आता पडसाद मात्रेला बांधता येतो. मी पाऊण मात्रा ठेवते, १२० बीपीएमला ३७५ मिलिसेकंद. ठेक्याच्या अधेमध्ये पडतो आणि झोका देतो. अर्ध्या मात्रेचा पडसाद फार आज्ञाधारक वाटतो.

महत्त्वाचं म्हणजे इको फेडरच्या (गाण्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीच्या) आधी आहे की नंतर. आधी असेल तर फेडर खाली आणला की पडसादही मरतो. नंतर असेल तर गाणं गेलेलं असतं आणि त्याची शेपूट हळूहळू विरत राहते. १२८ वरून ९५ वर जायचं असेल, तर लय जुळवायचा प्रश्नच येत नाही, एवढा फरक ओढूनताणून भरला तर दोन्ही गाण्यांची वाट लागते. तिथे एका शब्दावर इको लावायचा, फेडर बंद करायचा, आणि शेपूट विरत असताना नवं गाणं त्याच्या स्वतःच्या वेगात सुरू करायचं. मात्र फीडबॅक (पडसाद पुन्हा इकोत किती जाणार ते) अगदी वर नेला तर पडसाद विरतच नाही, उलट स्वतःवर चढत जातो. तेव्हा इकोसुद्धा लूपच झाला, आणि तोही सोडावा लागतो.

रिव्हर्बनं (मोठ्या खोलीसारख्या घुमण्यानं) हे काम होतं, पण त्यात मात्रा पुसली जाते. मला मात्रा दिसलेली आवडते.

रविवार

दादऱ्यातलं एक जुनं ध्वनिमुद्रण डेकवर चढवलं, आणि सॉफ्टवेअर गडबडलं. त्यानं चारच्या हिशेबानं ग्रिड, म्हणजे मात्रांच्या खुणांची जाळी, आखली. सहा मात्रांच्या आवर्तनावर चारचा ऑटो लूप लावला की सम प्रत्येक फेरीत तुटते. इन आणि आउट हातानं देऊन सहाचा लूप केला तेव्हा कुठे तो नीट फिरला. शुक्रवारचा सराव इथे कामी आला. दुसरी अडचण अशी की वादक माणसं आहेत. अंतऱ्यात किंचित पुढे सरकतात, मुखड्यावर परत येताना दम घेतात. पहिल्या मात्रेवर बसवलेली ग्रिड मिनिटाभरात घसरते. सॉफ्टवेअरमध्ये जागोजागी खुणा देऊन लवचीक ग्रिड करता येते. मी अर्ध्यापर्यंत केली आणि सोडून दिली. त्यांची लय सरळ करायची इच्छाच होईना.

मग हे गाणं मिश्रणात घ्यायचं कसं? पट्टी जुळते का ते पाहिलं. कॅमेलॉट चक्रात (जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) हे ८ए, म्हणजे ए मायनर. शेजारी ७ए आणि ९ए, आतबाहेर गेलं तर ८बी, सी मेजर. माझ्याकडे ९एमधलं एक संथ इलेक्ट्रॉनिक गाणं होतं, सुरुवातीला ठेका नसलेलं, नुसते लांब सूर. जुन्या गाण्याच्या शेवटी लूप लावून त्यावर हे आणावं असा बेत होता. सहा मात्रा, आठ फेऱ्या, मग इको.

करून पाहिलं, जमलंही. पण रेकॉर्डिंग ऐकताना लूपच्या तिसऱ्या फेरीपासूनच गाणं मेलेलं वाटलं. तिथे वादक दर आवर्तनाला काहीतरी बदलत होता आणि मी त्याला एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवायला लावत होते. मग लूपशिवाय ऐकलं. मुद्रणाच्या शेवटी त्यांनी स्वतःच लय उतरवली आहे, एक तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घेतली आहे आणि समेवर थांबले आहेत. निघण्याची जागा त्यांनी केव्हाच करून ठेवलेली. मी फक्त तिहाईच्या सुरुवातीला दुसऱ्या डेकचा फेडर उचलला आणि त्या समेखाली नवे सूर सरकवले. इको नाही, फिल्टर नाही.

मावसभावाला रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर आलं, "ताई, दुसऱ्याचा गेन (आवाजाची मूळ पातळी) थोडा कमी कर." तिहाईच्या तोंडाशी आता एक केशरी हॉट क्यू आहे. गेन उद्या बघते.